चेन्नईत म्हातारं होताना

म्हाताऱ्या माणसांसाठी सरकारी इस्पितळात वेगळी ओपीडी हवी, हे आपल्या देशात सर्वात आधी मद्रासने ओळखलं असं मानलं जातं. १९७८ साली तिथल्या जनरल हॉस्पिटलात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी ती सुरू केली. तोवर रीत अशी, की सत्तरीची बाई गुडघा, चक्कर, विसरभोळेपणा आणि लघवीचा त्रास घेऊन आली तर तिला चार खिडक्यांवर चार वेळा उभं करायचं आणि शेवटी ‘आता वयच झालंय’ असं सांगून घरी पाठवायचं. नटराजन यांचं भांडण या शेवटच्या वाक्याशी होतं. १९८८ मध्ये त्यांच्या विभागाला खाटा मिळाल्या आणि १९९६ पासून मद्रास मेडिकल कॉलेजात वार्धक्यवैद्यकाचं एमडी सुरू झालं. तेही देशातलं पहिलंच. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांचं खरं काम असं, की वय हे निदान नव्हे, हे त्यांनी सरकारी यंत्रणेकडून कागदावर मान्य करून घेतलं.

वेगळा विभाग कशासाठी, असं आजही डॉक्टरमंडळी विचारतात. उत्तर साधं आहे. म्हाताऱ्या शरीरात आजार पुस्तकातल्यासारखा येत नाही. न्यूमोनिया होतो, पण ताप चढत नाही. हृदयविकाराचा झटका येतो, पण छातीत कळ येत नाही, नुसता थकवा येतो. लघवीत जंतुसंसर्ग झाला की आजोबा एका रात्रीत असंबद्ध बोलू लागतात आणि घरचे वेड लागलं म्हणून घाबरतात. त्यात चार डॉक्टरांनी दिलेल्या दहा-बारा गोळ्या एकमेकींशी भांडत असतात. ब्रिटिश वैद्यक बर्नार्ड आयझॅक्स यांनी १९६५ च्या सुमारास वार्धक्यातले चार मोठे शत्रू मोजून दाखवले: हालचाल थांबणं, तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं आणि बुद्धी क्षीण होणं. या चारांतला एकही रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही. तो दिसायला माणसाला चालवून, उठवून, बसवून बघावं लागतं आणि तेवढा वेळ ओपीडीत कुणाकडे नसतो.

ही शाखाच मुळात गरीबखान्यात जन्मली. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स इस्पितळाकडे १९३५ मध्ये शेजारच्या निराधारगृहातले सातशेवर रुग्ण आले आणि मार्जरी वॉरेन या डॉक्टरीणबाईंना दिसलं, की वर्षानुवर्षं खाटेला खिळलेल्यांपैकी कितीतरी जण नीट तपासून, व्यायाम देऊन पुन्हा चालू शकतात. मद्रासचीही अशी एक कथा आहे, आणि ती तिथल्या उत्तर भागातल्या लोकांना तोंडपाठ असते. १७८२ च्या दुष्काळात भुकेल्यांना पेज वाढायला रोयापुरमजवळ एक छत्र उघडलं. ते मणेगार छत्र म्हणून प्रसिद्ध झालं. पेज देता देता तिथे औषधही देऊ लागले, आणि त्याच रोपट्याचं पुढे स्टॅन्ली इस्पितळ झालं. जुनी माणसं त्याला अजून ‘कंजी तोट्टी आस्पत्री’, पेजेच्या हौदाचं इस्पितळ, म्हणतात. मणेगार छत्राचा वृद्धाश्रम त्याच परिसरात टिकून राहिला. मराठी वाचकाला इथे तंजावर आठवावं. सरफोजी राजांनी १८०२ च्या सुमारास ओरथनाडला मुक्तांबा छत्र बांधलं, तिथे वाटसरूला जेवण होतं आणि आजाऱ्याला वैद्य. थकल्या जिवाला अन्न आणि औषध एकाच दारात मिळावं ही कल्पना या मुलुखाला नवी नाही.

मग आज चेन्नई म्हाताऱ्यांना कसं वागवते? हा प्रश्न चेन्नईपुरता नाही. आपण तिथे बघायचं ते एवढ्यासाठी, की वयाच्या बाबतीत तमिळनाडू आपल्यापेक्षा काही वर्षं पुढे आहे. २०११ च्या जनगणनेत तिथे साठीपुढचे १०.४ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९. लोकसंख्या अंदाजासाठी केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ गटाच्या हिशेबाने २०२१ मध्ये तमिळनाडूचा आकडा १३.६ वर गेला आणि २०३१ मध्ये तो १८.२ होईल. पाचातला एक माणूस साठीपुढचा व्हायला थोडंच कमी. केरळ तेवढं त्याच्या पुढे. आपल्याकडची गाडी त्याच रुळावर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तमिळनाडूत एका बाईमागे सरासरी १.८ मुलं, महाराष्ट्रात १.७. म्हणजे पुढच्या पिढीत सांभाळणारे हात आपल्याकडेही तितकेच कमी. युरोपशी फरक एवढाच, की तो आधी श्रीमंत झाला आणि मग म्हातारा. आपल्याला दोन्ही एकदम उरकायचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये निरोगी वार्धक्याची जी व्याख्या केली तीत रोगमुक्ती हा निकषच ठेवला नाही. साठीनंतर बीपी, साखर, सांधे यांतलं काहीतरी असणारच. माणसाला जे करणं मोलाचं वाटतं ते करता येतं का, एवढंच ती व्याख्या विचारते. ते करता येणं दोन गोष्टींवर ठरतं: अंगातली ताकद आणि भोवतालची जागा. अंगातली ताकद कमी झाली तरी जिन्याला कठडा असला, बसची पायरी खाली असली, चष्मा नीट असला तर बाई बाजारात जाऊन येते. २०२१ ते २०३० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी याच कामासाठी नेमलं आहे. आपल्याकडे मात्र १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन आला की शाल-श्रीफळ, दोन भाषणं आणि अल्पोपाहार. शालीला माझा विरोध नाही. पण ज्यांना ती दिली ते सभागृहाच्या पायऱ्या कसे चढले, हे कुणी विचारत नाही. जपानमध्ये शंभरी गाठणाऱ्याला १९६३ पासून सरकार चांदीचा पेला देतं. पहिल्या वर्षी असे १५३ जण होते. पुढे शंभरीवाले इतके झाले, की २०१६ पासून पेल्याला नुसता चांदीचा मुलामा देतात. मान महाग झाला की सरकार काय करतं, त्याचा हा नमुना.

‘आमच्या संस्कृतीत थोरांना मान आहे’ हे वाक्य तमिळ माणूसही आपल्याइतक्याच अभिमानाने म्हणतो. त्याच तमिळनाडूच्या दक्षिण भागात, विरुदुनगर-मदुरैकडच्या खेड्यांत, ‘तलैकूत्तल’ नावाची चाल आहे: अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला घरच्यांनीच, जणू कर्तव्य म्हणून, संपवायचं. २०१० च्या सुमारास ती वर्तमानपत्रांत गाजली. प्रिया कृष्णस्वामी यांच्या ‘बारम्’ या चित्रपटाचा विषय तीच आहे आणि त्याला तमिळमधला सर्वोत्तम चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१९ च्या ‘केडी’ चित्रपटात आपल्यावर हा प्रयोग होणार हे कळल्यावर एक आजोबा घरातून पळून जातो. क्रौर्य सगळ्या जगात आहे, त्याची यादी इथे नको. पण ही चाल जिथे टिकली तिथली घरं बघितली तर रोजंदारी बुडवून आजाऱ्याजवळ बसणं परवडत नाही, तालुक्याला औषध नाही, शुश्रूषा शिकवणारं कुणी नाही, असंच चित्र दिसतं. गरिबी हा खुनाला बचाव नाही. तरीही संस्कारांवर व्याख्यान देऊन अशा घरातल्या म्हातारीला अंथरुणावर कूस बदलून मिळत नाही. तिथे परिचारिका जावी लागते.

आणि परिचारिका जाते, हेच तमिळनाडूचं मला सर्वात मोलाचं वाटणारं काम. २०२० मध्ये राज्याने केलेल्या पाहणीत आढळलं, की उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी जेमतेम सात टक्के लोकांचा दाब आटोक्यात आहे आणि मधुमेहींपैकी अकरा टक्क्यांच्या आत लोकांची साखर. गोळ्या फुकट होत्या, प्राथमिक आरोग्य केंद्रं होती, डॉक्टर होते. अडलं होतं ते घर ते केंद्र या अंतरावर. महिन्यातून एकदा रांगेत उभं राहायचं म्हणजे म्हाताऱ्याला सोबत लागते, सोबतीला येणाऱ्याचा रोज बुडतो, रिक्षाचे पैसे वेगळे. मग दोन महिने गोळी चुकते, आणि तिसऱ्या महिन्यात अर्धांगवायू.

५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यातल्या सामनपल्ली गावातून मुख्यमंत्री स्टालिन यांनी ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’, लोकांना शोधत जाणारं वैद्यक, ही योजना सुरू केली. बचतगटांतल्या बायकांना शिकवून, हातात बीपीचं यंत्र आणि साखर मोजायची पट्टी देऊन घरोघर पाठवलं. त्या तपासतात, औषधं दारात देतात आणि कुणाचा आकडा बिघडला तर केंद्राला कळवतात. प्रत्येक ब्लॉकला एक फिजिओथेरपिस्ट आणि वेदनाशामक शुश्रूषा देणारी एक परिचारिका गाडीतून हिंडते. अर्धांगवायूने पडलेल्याला उठवून बसवणं, पाठीवरच्या जखमा धुणं, घरच्यांना ते शिकवणं ही तिची कामं. २०२२ संपेपर्यंत एक कोटी माणसांपर्यंत ही सेवा पोचल्याची नोंद सरकारने केली आणि २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या असंसर्गजन्य रोगविषयक कृतिदलाचा पुरस्कार योजनेला मिळाला. ती फक्त म्हाताऱ्यांसाठी नाही, पण तिच्या पिशवीचं वजन मुख्यतः म्हाताऱ्यांच्या दारी हलकं होतं. खोट कुठे आहे? ही सगळी व्यवस्था ज्या बायकांच्या पायांवर चालते त्यांना मिळतं ते तुटपुंजं मानधन, नोकरी नव्हे. आपल्या आशाताईंची गोष्ट वेगळी नाही. आज दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या या बायकांना उद्या स्वतःच्या म्हातारपणी काय, हा प्रश्न कुठल्याच सरकारने मनावर घेतलेला नाही.

याच वाटेवरचं दुसरं पाऊल २०२५ च्या ऑगस्टमधलं. सत्तरीपुढच्यांना आणि अपंगांना रेशनचं धान्य घरपोच. योजनेला नाव दिलं ‘तायुमानवर’, आईही झालेला. तमिळनाडूत योजनांना नावं द्यायची हौस दांडगी आहे, ते सोडून देऊ. तांदळाची पिशवी दारात येते, दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून म्हातारी रिकाम्या हाताने परतत नाही, हे महत्त्वाचं.

मोठ्या इमारतीचं कौतुक त्या मानाने मी बेताने करीन. गिंडीला किंग इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय वार्धक्य केंद्र उभं राहिलं आहे, दोनशे खाटांचं. देशात अशी दोनच ठरली होती, एक दिल्लीच्या एम्समध्ये आणि दुसरं मद्रास मेडिकल कॉलेजाकडे. पायाभरणी २०१६ मध्ये झाली. मधल्या काळात कोविड आला आणि २०२० मध्ये ती इमारत कोविड इस्पितळ म्हणून वापरली गेली. वार्धक्य केंद्र म्हणून उद्घाटनाला २५ फेब्रुवारी २०२४ उजाडला. काम चांगलं आहे, तिथे गर्दीही होते. पण दोनशे खाटांनी राज्याचं म्हातारपण निभावत नाही. खाटेपर्यंत येऊ न देणं हेच वार्धक्यवैद्यकाचं खरं यश, आणि त्याचं उद्घाटन करता येत नाही.

पैशाकडे वळू. मद्रास राज्याने निराधार वृद्धांना पेन्शन द्यायला १९६२ मध्ये, कामराजांच्या काळात, सुरुवात केली. केंद्राला तेच सुचायला १९९५ उजाडलं. १९८३ पासून पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना शाळेच्या माध्यान्ह भोजन केंद्रात दुपारचं जेवण मिळू लागलं. पोंगलला धोतर-साडीही मिळते. २०२३ पासून पेन्शनची रक्कम महिन्याला १,२०० रुपये आहे, आपल्या श्रावणबाळ योजनेत १,५००. त्यातला केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्या माणसासाठी २०० रुपये, आणि हा आकडा २००७ पासून तसाच आहे. बाराशेचे दिवसाला चाळीस रुपये होतात. चेन्नईत २०१३ पासून महापालिकेची अम्मा उणवगम म्हणजे स्वस्त खानावळी आहेत, तिथे रुपयाला इडली मिळते म्हणून हे चाळीस रुपये पुरल्यासारखे वाटतात. कितीतरी एकट्या म्हाताऱ्यांची सकाळ या खानावळींवर निघते. माझं मत विचाराल तर गेल्या पंधरा वर्षांतली वृद्धकल्याणाची सर्वात यशस्वी योजना हीच, आणि तिच्या कागदांत म्हाताऱ्यांचा वेगळा उल्लेखही करावा लागला नाही. जिथे सगळे जेवतात तिथे म्हाताऱ्याला निराधार असल्याचा दाखला दाखवावा लागत नाही.

चेन्नईला काम करत म्हातारं होणाऱ्यांचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या डॉ. व्ही. शांता वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, जानेवारी २०२१ मध्ये गेल्या. राहायच्या इस्पितळाच्या आवारातच, आणि शेवटपर्यंत कामात होत्या. मनोविकारतज्ज्ञ डॉ. शारदा मेनन नव्वदीतही रुग्ण तपासत. आपल्याकडे महर्षी कर्वे यांना भारतरत्न मिळालं ते शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये. अशी माणसं डोळ्यांपुढे असणं उपयोगाचं असतं. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी अमेरिकेतल्या ओहायोतल्या ६६० माणसांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की आपल्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने बघणारे इतरांहून सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. पण शांताबाईंचा फोटो लावताना इस्पितळाच्या फाटकावरच्या वॉचमनकडेही बघावं. तो सत्तरीचा असतो, बारा तास उभा असतो. २०१७-१८ मध्ये मुंबईच्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभर पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर लोकांची पाहणी केली. तिच्यात साठीपुढच्या दर तिघांतला एकाहून थोडा जास्त कामावर होता. हौसेने काम करणारे त्यात किती असतील याचा अंदाज वॉचमनची खुर्ची बघून येतो. ‘या वयातही कष्ट करते’ म्हणून इडली विकणाऱ्या आजीचा व्हिडिओ फिरवणं सोपं. तिला पेन्शन पुरत नाही म्हणून ती विकते, हे त्या व्हिडिओत येत नाही.

रस्त्यावर मात्र चेन्नई नापास. पादचाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी वेगळं धोरण करणारं हे देशातलं पहिलं शहर, २०१४ मधलं. २०१९ मध्ये टी. नगरच्या पाँडी बाजारात रुंद फूटपाथ, बाक, झाडं असा देखणा पट्टा झाला. तिथे संध्याकाळी म्हातारी माणसं बसलेली दिसतात. पण पट्ट्याबाहेर पाऊल टाकलं की फूटपाथवर ट्रान्सफॉर्मर, मोटारसायकली, उखडलेल्या लाद्या, आणि उंची अशी की चढायला हात धरावा लागतो. मैलापूरच्या नागेश्वरराव पार्कमध्ये पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांतले कित्येक जण चालायला गाडीतून येतात, कारण घर ते पार्क चालता येत नाही. मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये समुद्रापर्यंत लाकडी वाट बांधली, व्हीलचेअरवरच्या माणसाला आणि काठी टेकणाऱ्याला पाण्याजवळ जाता यावं म्हणून. दोन आठवड्यांच्या आत मांडूस चक्रीवादळाने ती मोडली. नंतर दुरुस्त केली. पण त्या थोड्या दिवसांत तिथे गेलेल्यांचे चेहरे वर्तमानपत्रांनी छापले होते. आयुष्य मद्रासमध्ये घालवून पहिल्यांदाच, किंवा कित्येक वर्षांनी, लाटेत पाय बुडवणारी माणसं होती ती.

बसचंही तसंच. २०१६ पासून साठीपुढच्या चेन्नईकरांना महिन्याला दहा फुकट प्रवासाची टोकनं मिळतात, आणि २०२१ पासून बायकांना साध्या बसमध्ये तिकीटच नाही. म्हणजे पाट्टीचा, आजीचा, प्रवास फुकट, पण पायरी गुडघ्याएवढी उंच. अपंगहक्कांसाठी लढणाऱ्यांनी वर्षानुवर्षं कोर्टात झगडून कमी उंचीच्या बस मागितल्या, तेव्हा कुठे २०२४ मध्ये त्या रस्त्यावर आल्या. ज्येष्ठांच्या संघटना या लढ्यात मागेच होत्या. आपण म्हातारे आहोत, अपंग नाही, ही समजूत आड येते. फायदा मात्र सर्वात जास्त त्यांचाच. आपल्या एसटीत २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट प्रवास आहे, आणि पायरीचा प्रश्न तिथेही तोच. रेल्वेने तर मार्च २०२० मध्ये कोविडच्या नावाखाली ज्येष्ठांची सवलतच काढून घेतली आणि परत दिली नाही.

घराच्या दाराशीही बदल झाला. मैलापूर, ट्रिप्लिकेनच्या जुन्या घरांना रस्त्याकडे तोंड करून ‘तिण्णै’ असे, आपल्या ओट्यासारखा. तात्ता, म्हणजे आजोबा, तिथे बसून पेपर वाचत, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करत, शाळेतून येणाऱ्या नातवाला हटकत. ती घरं पाडून तीन-चार मजली फ्लॅट झाले. जिथे लिफ्ट नाही तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या आजीचं बाहेर पडणं आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा. गरिबांची हालत आणखी वाईट. कूवम आणि अड्यार नद्यांच्या काठच्या झोपडपट्ट्या उठवून माणसं कण्णगी नगर, पेरुंबाक्कम अशा शहराच्या टोकाच्या वसाहतींत नेली. पेरुंबाक्कमला आठ मजली इमारती आहेत आणि बंद लिफ्टची तक्रार नेहमीची. जी म्हातारी मैलापुरात चार घरची भांडी घासून आणि देवळापुढे फुलं विकून स्वतःचं भागवत होती, ती तिथे एका दिवसात परावलंबी होते. वृद्धकल्याण खात्याच्या कुठल्याही अहवालात हे नुकसान नोंदलं जात नाही, कारण ते झोपडपट्टी खात्याच्या फायलीतलं.

एकटेपणाचा प्रश्न वर्गागणिक वेगळा आहे. अड्यार, बेसंट नगर, मैलापूरच्या मध्यमवर्गीयांची मुलं अमेरिकेत. जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ पाहिलेल्या मराठी माणसाला या घरांतलं वेगळं काही सांगायला नको. या लोकांना पैशाची चणचण नाही, पण डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळात वीज गेली, फोन बंद पडले, तळमजल्यात पाणी शिरलं, तेव्हा ऐंशीतली जोडपी दोन-दोन दिवस फ्लॅटमध्ये अडकून पडली. मुलगा कॅलिफोर्नियातून फोन लावत होता आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. उलट या वर्गाकडे एक ठेवाही आहे: सभा आणि भजनं. मार्गळी या तमिळ महिन्यात संगीत सभांच्या दुपारच्या मैफलींना, ज्यांना बहुधा तिकीट नसतं, पांढऱ्या केसांचीच गर्दी. राग ओळखायचा, शेजारच्याशी वाद घालायचा, मग कँटीनमध्ये कॉफी. एवढं चालणं, बसणं, ऐकणं, भांडणं दुसऱ्या कुठल्या शहरातल्या म्हाताऱ्यांना एका महिन्यात मिळत असेल असं वाटत नाही. नंगनल्लूर-मैलापूरच्या भजन मंडळ्यांत तुकोबांचे अभंग म्हणणारे आजोबा भेटतात. मराठी कळत नाही, पण पाठ असतं. तंजावरच्या मराठी राजांच्या काळापासून हे चालत आलं आहे. याच शहराच्या सौकारपेठेत विटा-खानापूरकडचे गलाईवाले सोनं गाळतात, आणि त्यांचे आईबाप सांगली जिल्ह्यातल्या बांधलेल्या मोठ्या घरांत दोघंच राहतात. म्हणजे तमिळ आईबापांचा अमेरिकेशी जो व्यवहार, तोच आपल्या काही आईबापांचा चेन्नईशी.

ज्यांना सभा नाही आणि मुलगाही नाही, त्यांच्यासाठी काही जणांनी आयुष्य वेचलं. सावित्री वैदी यांनी १९७८ मध्ये निराधार वृद्ध स्त्रियांसाठी ‘विश्रांती’ सुरू केली. बायकांसाठी वेगळं घर का, तर २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या बायकांपैकी निम्म्याच्या आसपास विधवा होत्या, आणि विधवेच्या नावावर घर क्वचितच असतं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी ‘स्कार्फ’ ही शारदा मेनन यांनी १९८४ मध्ये स्थापलेली संस्था काम करते. देवनारच्या पाहणीला जोडून झालेल्या अभ्यासाने भारतातल्या साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला, म्हणजे अठ्ठ्याऐंशी लाख माणसं. यातल्या बहुतेकांची शुश्रूषा सून, मुलगी किंवा बायको करते, रात्र-रात्र जागते, आणि तिला एक दुपार सुटी मिळावी अशी जागा शहरात बोटांवर मोजण्याइतकी. तमिळनाडूच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ‘अन्बु चोलै’ नावाची, दिवसापुरती सांभाळणारी, पंचवीस केंद्रं जाहीर झाली. म्हातारी माणसं सकाळी यायची, संध्याकाळी घरी जायची. पंचवीस हा आकडा हास्यास्पद लहान आहे, पण दिशा बरोबर आहे. माझ्या मते वृद्धाश्रमापेक्षा या पाळणाघरवजा केंद्रांवर पैसा आधी खर्च व्हावा, कारण त्यात सुनेचाही जीव वाचतो.

कायद्याचं थोडक्यात सांगता येईल. आईबाप आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. त्यात महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी, जिल्ह्याला किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम आणि सांभाळाच्या अटीवर दिलेलं घर परत घ्यायची सोय आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सोय म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे वाचावी असं सांगितलं. तरी पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करायला आई सहसा तयार होत नाही. दानपत्र करण्याआधी वाचण्याचा हा कायदा आहे, आणि तो वाचला जातो नंतर.

आता आपलं घर. महाराष्ट्राकडे चेन्नईकडे नाही असं एक बळ आहे: गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ आणि १९८० पासूनचा त्यांचा महासंघ, फेस्कॉम. वाढदिवस, सहली, विरंगुळा केंद्रातलं कॅरम हे सगळं चालू द्यावं, त्यानेही आयुष्य वाढतं. पण इतकी संघटित, लिहितीवाचती, वेळ असलेली माणसं मागतात काय, तर बहुधा सवलती. राज्यानेही २०२४ मध्ये वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्यांना काठी-चष्म्यासाठी एकदाच तीन हजार रुपये देऊन हात झटकले. त्यापेक्षा दोनच गोष्टी धरून बसावं. एक, बीपी-साखरेची तपासणी आणि महिन्याच्या गोळ्या घरपोच, आणि ते करणाऱ्या ताईला नीट पगार. दोन, आपल्या वॉर्डातला एक रस्ता, घरापासून दवाखान्यापर्यंत, काठी टेकत एकट्याने जाता येईल असा. पुढच्या वेळी नगरसेवक मत मागायला दारात आले, की त्यांना चहा द्या आणि मग त्या रस्त्याने दवाखान्यापर्यंत सोबत चला म्हणावं.